मैदानाची वाटणी आधी घड्याळावर करा

प्रश्न असा आलाय. कोल्हापूरच्या उपनगरातली एक कॉलनी, तिच्या मधोमध 30 गुंठ्यांची ओपन स्पेस. एका कोपऱ्यात मोडकी घसरगुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात ओपन जिमची गंजलेली चार यंत्रं, बाकी सगळं मोकळं. 25 लाखांचा निधी मिळेल असं दिसतंय आणि त्याच्यासोबत एक तयार डिझाइनही आलंय: चहूबाजूंनी वॉकिंग ट्रॅक, मधे लॉन, पेव्हिंग ब्लॉक, रंगीत खेळणी, एक कारंजं. सचिवांच्या मनात आलं, लोकांना विचारून करूया. त्यांनी कॉलनीतल्या मंदिरात रात्री 8 ला बैठक लावली. 11 जण आले, त्यातले 9 साठीच्या पुढचे. पोरांच्या फुटबॉलवरून जुंपली आणि बैठक मोडली. आता ते विचारतायत की लोकांना सामील करून घ्यायचं ते नेमकं कसं, त्यातून खरंच काही निघतं का, आणि जाता जाता, गेटला कुलूप घालावं का?

मी 22 वर्षं बागा, मैदानं आणि शाळांच्या पटांगणांची कामं करतोय. तुमच्या बैठकीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. रात्री 8 ला मंदिरात बोलावलं तर जे येणार तेच आले. त्या वेळी बायका स्वयंपाकात, पोरं क्लासला, कामाची माणसं एमआयडीसीतून परतीच्या वाटेवर, आणि चौथीतल्या पोराला आमंत्रण गेलेलंच नसतं. मैदानाची चर्चा मैदानात करायची आणि मैदानाच्या वेळेला करायची. बैठक हा शब्दच काढून टाका हवं तर.

फॉर्म छापून घरोघर वाटायचा विचार असेल तर तोही सोडा. ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झालीय. फार पूर्वी एका मैदानासाठी मी 200 फॉर्म वाटले होते. ‘तुम्हाला खालीलपैकी काय हवे?’ आणि पुढं चौकोन. पहिला चौकोन जॉगिंग ट्रॅकचा होता. सगळ्यांनी जॉगिंग ट्रॅकवर टिक केली, कारण चौकोन होता आणि पेन हातात होतं. ट्रॅक झाला, उद्घाटन झालं, पेढे वाटले. दोन वर्षांनी गेलो तर ट्रॅकवर ओळीनं मोटरसायकली लावलेल्या. लोक खोटं बोलले नव्हते. जे कधी वापरलंच नाही त्याबद्दल माणूस काय सांगणार? ‘असू दे की’ म्हणतो.

त्यामुळं विचारण्याआधी बघा. एक 200 पानी वही घ्या. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार, पहाटे साडेपाच ते रात्री दहा, दर अर्ध्या तासाला एवढंच लिहायचं: मैदानात कोण आहे, किती आहेत, कुठं आहेत, काय करतायत. हे काम अकरावी-बारावीच्या पोरापोरींवर सोपवा, दोघादोघांच्या पाळ्या लावा. मोठी माणसं लिहायला बसली की ‘टारगट पोरं’ असं लिहितात. पोरं ‘चौघं, पारावर, एकाच मोबाइलवर’ असं लिहितात. आपल्याला दुसरं हवंय.

वहीत काय निघेल याचा मला साधारण अंदाज आहे. साडेपाच ते साडेसात फिरायला येणारे आजी-आजोबा. सातच्या सुमाराला गेटाजवळ शाळेच्या रिक्षांची वाट बघणारी मुलं. अकरा ते दोन जवळजवळ कुणी नाही. झाडाखाली एखादा टेम्पोवाला डबा खातोय, भाजीची गाडी सावलीला टेकलीय. चारनंतर नातवंडांना घेऊन आज्या. साडेपाचला फुटबॉल सुरू, दिवेलागणीपर्यंत. आणि साडेआठ-नऊनंतर जेवणं उरकून बाहेर पडलेल्या बायका, ज्यांचं नाव कुठल्याही डिझाइनमध्ये नसतं. मी ज्या ज्या ठिकाणी ही वही भरून घेतली तिथं एक गोष्ट हटकून दिसली: जी माणसं बैठकीत एकमेकांच्या अंगावर जातात ती मैदानात एकमेकांना फारशी भेटतच नाहीत. सकाळी फिरणाऱ्या आजोबांना संध्याकाळच्या फुटबॉलचा त्रास कसा होईल? खरी गाठ पडते ती साडेपाच ते सात, आज्या-नातवंडं आणि फुटबॉल. म्हणजे तुमचं भांडण 30 गुंठ्यांचं नाही, दीड तासाचं आहे. 30 गुंठ्यांचे तुकडे पाडून ते मिटत नाही. दीड तासाचं काय करायचं ते ठरवलं की मिटतं.

फुटबॉलबद्दल स्पष्ट लिहितो, कारण त्या 9 जणांना ‘पोरांना बाहेर काढा’ असं म्हणायचं असणार. हे कोल्हापूर आहे. इथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं कुस्तीइतकीच फुटबॉलची झालीत, आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमकडं जाणारा रस्ता बघितला की पुढचं काही सांगायला लागत नाही. अशा गावात मैदानाच्या मधोमध लॉन करून ‘खेळण्यास मनाई’ची पाटी लावली तर पोरं पाटीचा गोलपोस्ट करतात. मी बघितलंय. ट्रॅकवर खेळतात, रस्त्यावर खेळतात, आणि मग बॉल खरोखरच कुणाच्या तरी तोंडावर बसतो.

आता हातातल्या डिझाइनकडं वळू. ए-थ्री कागदावरचं रंगीत चित्र लोकांना दाखवून मत विचारण्यात अर्थ नाही. वरून बघितलेला नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही आणि येत नाही हे कुणी कबूल करत नाही. त्याऐवजी ते डिझाइन जमिनीवर उतरवा. रविवारी सकाळी दोन पोती फक्की (मैदान आखायची पांढरी पूड), सुतळी, खुंट्या आणि एक 30 मीटरचा टेप घेऊन जा आणि कागदावर आहे तसं, आहे त्याच मापात, मैदानात आखून टाका.

एका कॉलनीत हे केलं त्याचं सांगतो. मैदान तुमच्याएवढंच, सुमारे 66 मीटर बाय 46. डिझाइनही तसलंच. कडेनं दोन मीटरचा ट्रॅक, त्याला लागून एक मीटर झाडोऱ्याची पट्टी. फक्की मारून होईतोवर वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. आम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं. कॉलनीच्या मैदानात कुणी टेप धरून उभं राहिलं की ‘काय प्लॉट पाडायलाय का काय’ म्हणून माणसं आपोआप येतात. पोरांनी आधी गोलपोस्टाची जागा बघितली. एक जण म्हणाला, “दादा, आमचा कॉर्नर तर झाडात गेला की.” मग त्यांनीच टेप धरला. कडेची ती तीन मीटरची पट्टी चारी बाजूंनी मिळून सहा गुंठ्यांवर जागा खात होती. हे कागदावर मलाही दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असून मी मनावर घेतलं नव्हतं.

ट्रॅकसाठी सगळ्यात जास्त हट्ट धरलेले एक निवृत्त मास्तर होते. ते काही न बोलता फक्कीच्या रेघांमधून चालू लागले. फेरी झाली 200 मीटरची, तीन मिनिटांत परत त्याच जागी. दुसरी फेरी मारली. तिसऱ्या फेरीत अर्ध्यावर थांबले आणि म्हणाले, “हे म्हणजे घाण्याचा बैल. त्यापेक्षा मी रंकाळ्याला जातो.” बाजूला भाजीची गाडी लावून उभ्या असलेल्या मावशी त्यावर म्हणाल्या, “सकाळचं मैदान मोकळंच असतंय की मास्तर. कडेनं कशाला, सगळ्यातनं फिरा.” तीन आठवड्यांच्या चर्चेत जे सुटलं नव्हतं ते त्या एका वाक्यात सुटलं. ट्रॅक शेवटी सावलीच्या एकाच बाजूला झाला, दगडी बाकांसकट, आणि तो सरळ आहे. पैसे वाचले ते गोलपोस्टामागच्या जाळीला गेले.

फक्की पुसू नका. पाऊस नसेल तर आठवडाभर राहते. आठवडाभर लोक तिच्यावरून चालतात, पोरं खेळतात, आणि न बोलणारी माणसंही हळूच येऊन सांगून जातात की इथं बाक नको, इथून आमच्या न्हाणीघराची खिडकी दिसते.

लहान मुलांना सामील करून घ्यायची सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे चित्रकला स्पर्धा. ‘माझ्या स्वप्नातील मैदान’. मी अशा शेकडो चित्रांचे गठ्ठे बघितलेत. प्रत्येकात एक घसरगुंडी, एक झोपाळा, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. मुलं जे बघितलंय ते काढतात, आणि बक्षीस असेल तर जे बाईंना आवडेल ते काढतात. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यातल्या खालच्या तीन पायऱ्या सहभागात मोजतच नाहीत. त्यातली एक सरळ ‘सजावट’ या नावाची आहे. उद्घाटनाला फेटे बांधून उभी केलेली पोरं ती हीच.

आपल्याकडं त्याहून उत्तम रीत तयार आहे आणि ती कुणी शिकवावी लागत नाही. दिवाळीचा किल्ला. कोल्हापुरातलं आठ वर्षांचं पोरगं माती, विटा, पोतं आणि पाणी यातून बुरूज, तट, पायवाट, तळं, सगळं उभं करतं, आणि मापाचा अंदाजही त्याला बरोबर असतो. एका कोपऱ्यात ट्रॉलीभर माती, फुटक्या विटा, काड्या, सुतळी ठेवा. चार-चार मुलांचे गट करा. ‘मैदान करा’ एवढंच सांगा आणि मोठ्या माणसांना शंभर फूट लांब बसवा. हे महत्त्वाचं आहे, कारण बापलोक दहा मिनिटांत हात घालतात आणि महाराजांचं सिंहासन बसवून मोकळे होतात.

मातीत जे निघतं ते चित्रात कधीच निघत नाही. चढ निघतो, उतार निघतो, बोगदा निघतो, पाणी तर प्रत्येक गटात निघतं. एका मुलीनं नुसता खड्डा केला होता, कडेनं काड्या रोवलेल्या. विचारलं हे काय, तर म्हणाली, “हितं बसलं की आई दिसत्या, पण आईला मी दिसत न्हाई.” मी त्या वेळेपर्यंत पंधरा वर्षं खेळण्याच्या जागा करत होतो आणि लपण्याची जागा कधी कुठल्या आराखड्यात घातली नव्हती. पुढं तिथं खोदकामाच्या मातीचा सहा फुटी उंचवटा केला, त्याच्या पोटातून तीन फुटी सिमेंटचा पाइप घातला आणि उंचवट्याच्या उतारावरच घसरगुंडी टेकवली. उतारावरची घसरगुंडी मला फार आवडते. शिडी नाही, उंचावरून पडायची भीती नाही, आणि सगळ्यात जास्त अपघात होतात ते पडण्यामुळंच.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. वहीत बघा, पाचवी-सहावीनंतर मुली गायब होतात. पहिल्यांदा वाटतं त्यांना खेळायचंच नसेल. व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात याचा अभ्यास झाला. नऊ वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या झपाट्यानं घटते असं दिसलं, कारण मधली मोकळी जागा मुलं व्यापून टाकतात आणि मुली त्यांच्याशी झगडत बसत नाहीत, निघून जातात. मग 1999 च्या सुमाराला तिथल्या दोन बागांत बदल करून बघितले: जास्त वाटा, जास्त उजेड, एका मोठ्या मैदानाचे दोन-तीन छोटे भाग. मुली परत आल्या. आपल्याकडं मुलींना विचारताना एक पथ्य पाळा, आई-बाबांसमोर विचारू नका, आणि मुलग्यांसमोर तर नकोच. कॉलनीतल्याच एखाद्या ताईला त्यांच्याबरोबर मैदानात एक चक्कर मारू दे. मला अशा चकरांमधून जवळजवळ दरवेळी त्याच मागण्या आल्यात. बसायला कट्टा हवा, पण असा की जिथून रस्ता दिसतो आणि मागून कुणी येऊ शकत नाही. बॅडमिंटनचं एक कोर्ट हवं, भले सिमेंटचं, पण ‘आमचं’. दिवा हवा, आणि तो हायमास्ट, म्हणजे एकाच उंच खांबावरचा मोठा दिवा, नको, कारण हायमास्टनं मधे झगझगाट होतो आणि कडेला अंधार पडतो. त्यापेक्षा बारा-पंधरा फुटांचे चार-सहा खांब बरे. आणि जवळपास कुठंतरी स्वच्छतागृह. शेवटची मागणी 25 लाखांत बसवणं अवघड असतं. तसं त्यांना तोंडावर सांगा, गुळमुळीत उत्तर देऊ नका.

दिसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर एक. खासबागेत कधी रिकाम्या वेळी जाऊन बसा. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये पूर्ण झालेलं ते मैदान. आखाडा मधे, चहूबाजूंनी चढत जाणारा मातीचा उतार, मधे एक खांब नाही. कुठंही बसा, कुस्ती दिसते. लहान मुलांच्या कोपऱ्यालाही तोच नियम लावा. आजीनं बाकावरून उठल्याशिवाय नातू दिसला पाहिजे. नाहीतर ती बाकावर बसत नाही, खेळण्याला टेकून उभी राहते आणि अर्ध्या तासात पाय दुखतात म्हणून घरी जाते.

ते नऊ ज्येष्ठ मात्र गमावू नका. त्यांना फुटबॉलबद्दल विचारू नका, पाण्याबद्दल विचारा. प्लॉट पडायच्या आधी इथं काय होतं, ओढा कुठून जायचा, उसाला पाणी कुठून यायचं, जुलैत चिखल कुठं साचतो. या शहरात कितीतरी मोकळ्या जागा मुळात पाण्याच्या आहेत. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं, आणि पावसाळ्यात ते अजूनही आपली ओळख दाखवतं. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. तुमची ओपन स्पेस बिल्डरनं उदार होऊन दिलेली नाही. लेआउटमधली 10 टक्के जागा मोकळी सोडायचा नियम आहे म्हणून सोडलेली आहे, आणि सोडताना बहुतेक वेळा सगळ्यात खोलगट, ओढ्याकाठचा, प्लॉट म्हणून न खपणारा तुकडाच सोडतात. त्यावर पेव्हिंग ब्लॉक घालून सहा इंच उंची वाढवली की पाणी शेजारच्या घरात जातं. पुढं दहा वर्षं तो शेजारी आणि कॉलनी यांचं बोलणं बंद. पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन मैदानात जा आणि पाणी जिथं जिथं थांबलंय तिथं खुंटी मारा. आजोबांच्या सांगण्यातल्या जागा आणि खुंट्यांच्या जागा बहुतेक जुळतात. त्यानंतरच लेव्हल ठरवा.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. रंगीत फायबरच्या किल्ल्यांमध्ये पैसे घालू नका. फायबर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं, त्याच्या कडा हाताला लागतात आणि सुटा भाग मिळत नाही. जाड जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचं साधं खेळणं करून घ्या. बेअरिंग गेलं किंवा वेल्ड सुटला तर उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या भागात, कुठल्याही वर्कशॉपला दुपारपर्यंत होऊन मिळतं. हे सुख फार थोड्या शहरांना आहे. दोन गजांमधली फट एकतर 9 सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा 23 पेक्षा जास्त. मधल्या मापात मुलाचं धड आत जातं आणि डोकं अडकतं. झोपाळ्यांच्या पुढं-मागं दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी. खाली फरशी किंवा पेव्हिंग ब्लॉक अजिबात नको, किमान एक फूट वाळू. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालत नाही, ती दबून घट्ट बसते. धुतलेली गोल दाण्याची हवी आणि ती महाग आहे, म्हणून उंच खेळणी कमी ठेवा म्हणजे वाळूही कमी लागेल. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला नको, एप्रिलमध्ये भाजते.

वाळूच्या हौदाची कड चांगली दीड फूट रुंद ठेवा. ही युक्ती आल्डो व्हान आयिक या डच वास्तुविशारदाची. त्यांनी 1947 पासून तीस वर्षांत अ‍ॅमस्टरडॅमच्या गल्लीबोळांत 700 हून जास्त खेळाच्या जागा केल्या. त्यातल्या कितीतरी रहिवाशांच्या पत्रांवरून झाल्या: आमच्या गल्लीत अमुक तुकडा पडून आहे, तिथं करा. सामान अगदी साधं, हौद, लोखंडी कमानी, चार दगडी ठोकळे. हौदाच्या रुंद कडेवर मुलं मातीच्या वड्या थापतात आणि आया बसतात.

गणपतीचा मांडव विसरू नका. डिझाइन करणारे तो नेहमी विसरतात. मंडळाची पोरं दरवर्षी तिथंच मांडव घालणार, पहारीनं खड्डे पाडणार आणि वर्षभर त्या खड्ड्यांत पाय मुरगळणार. आधीच त्यांना बोलावून मापं घ्या आणि खांबांच्या जागी जमिनीत झाकणवाले पाइप पुरून ठेवा. खर्च किरकोळ आहे. त्याहून मोठा फायदा असा की मंडळ तुमच्या बाजूचं होतं, आणि मंडळ बाजूला असलं की मैदानातली झाडं जगतात. ट्रॅक्टर आत यायला बारा फुटी गेट लागेल, तेही त्यांनाच विचारून कुठं ते ठरवा.

ज्यांची भिंत मैदानाला लागून आहे त्या दोन-चार घरांशी मात्र सगळ्यांच्या देखत बोलू नका. त्यांच्या घरी जा, चहा घ्या. त्यांच्या काचा फुटलेल्या असतात, कुंड्या गेलेल्या असतात, आणि चारचौघांत ते ‘खेळाला विरोध करणारे’ ठरतात म्हणून जास्तच चिडतात. गोलपोस्टामागं वीस फुटी नायलॉनची जाळी आणि ‘संध्याकाळी सातनंतर बॉल बंद’ एवढ्यावर बहुतेक घरं तयार होतात. सातची वेळ पोरांच्याच कॅप्टनकडून वदवून घ्या. आज्यांचा दीड तासही असाच सुटतो: सोमवार ते शनिवार पोरं अर्ध्या मैदानात, रविवारी पूर्ण. हे मी सुचवलेलं नाही, वही वाचून एका दहावीतल्या पोरानं मांडलेलं आहे, आणि ते माझ्या तीन मैदानांवर चाललंय.

आता कार्यालयाचा भाग. जे काही बदलायचं ते एस्टिमेट व्हायच्या आधी. एकदा तांत्रिक मंजुरी झाली, निविदा निघाली की पेव्हिंग ब्लॉकचा एक चौरस मीटरही हलत नाही, आणि त्यात इंजिनिअरचा दोष नसतो; दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, नसलेली बाब त्याला घेता येत नाही. म्हणून कनिष्ठ अभियंत्याला फक्कीच्या रविवारीच बोलावून घ्या. साहेबांना निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा हे दसपट उपयोगी. सोबत दोन कागद तयार ठेवा: प्रॉपर्टी कार्ड आणि मंजूर लेआउटची प्रत. जागा कुणाच्या नावावर आहे हे अर्ध्या कॉलन्यांना माहीत नसतं, आणि मग निधी आला की कुणीतरी म्हणतं, कडेला एक हॉल बांधूया. 1991 मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय. हॉलचा विषय निघाला की हा निकाल शांतपणे पुढं ठेवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

25 लाखांतले दोन-अडीच लाख कारंज्याचे असतील. ते कारंजं काढून टाका; चालू असलेलं कॉलनीतलं कारंजं मी अजून बघितलेलं नाही. तेवढ्या पैशांचं काम दुसऱ्या टप्प्यात, पावसाळ्यानंतर करायचं म्हणून वेगळं ठेवता येतंय का बघा. पहिल्या पावसाळ्यात जे चुकलंय ते सगळं दिसतं, आणि नेमक्या त्याच वेळी पैसे संपलेले असतात. निविदेत देखभालीचा काळ किती आहे तेही वाचा आणि झोपाळ्याच्या साखळ्या, बेअरिंग, जाळी यांची नावं त्यात घालून घ्या. नुसतं ‘देखभाल’ लिहिलं तर ठेकेदार एकदा रंग मारून जातो.

राहिलं कुलूप. माझं मत कुलपाच्या विरोधात आहे, पण ते मी कॉलनीवर लादत नाही, कारण रात्री बाटल्या गोळा करायला मी येणार नसतो. एका ठिकाणी लोकांनी कुलूप घालायचंच ठरवलं. पहिली किल्ली अध्यक्षांकडं होती. ते दोन दिवस सांगलीला गेले आणि पोरांनी कंपाउंडचे गज वाकवले. मग किल्ली गेटासमोरच्या किराणा दुकानात खिळ्यावर लटकवली. दुकान पहाटे दूध घ्यायला उघडतं आणि रात्री साडेदहाला बंद होतं, त्यामुळं मैदानाची वेळही तीच झाली. दुकानदार काकूंना कोण किती वाजता किल्ली नेतं हे सगळं माहीत असतं आणि कुणाच्या घरी सांगायचं हेही. गेल्या वेळी गेलो तर खिळ्यावर किल्लीशेजारी फुटबॉलची हवा भरायचा पंप लटकत होता. किल्ली कुठाय विचारलं तर काकू म्हणाल्या, “कुलूप मोडून वर्ष झालं की. आता नुस्ती कडी लावतोय.”